पुढचं डावं चाक

श्राद्धाच्या जेवणानं डोळ्यांवर झापड येतेच. त्यात शालनअक्काच्या हातची खीर नि उडदाचे वडे असले, की माणूस पाटावरून उठताना भिंत धरतो. नंदू मास्तरानं तर हात धुतले न धुतले तोवर मधल्या खोलीत चटई ओढली आणि आडवा झाला. भर दुपार आहे. पंखा कुरकुरतोय. बाहेर सोप्यात भाऊकीतले चार म्हातारे पान जुळवत बसलेत आणि त्यांचं तेच चाललंय, जे वर्षभर अख्ख्या गडहिंग्लजात चाललंय.

"दिनकरासारखा ड्रायव्हर पंचक्रोशीत न्हवता. पण डुलकी ती डुलकी. ती काय इचारून येतीय?"

"तर! घाटात डोळा लागला, खेळ खलास."

नंदू कूस बदलतो. दिनकर मोरबाळे म्हणजे अक्काचा नवरा, नंदूचे दाजी. आज त्यांचं वर्षश्राद्ध. या माणसानं सत्तावीस वर्षं एसटी चालवली आणि गाडीला एक ओरखडा उठू दिला नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते निवृत्तीनंतरसुद्धा सदऱ्याला लावून बाजारात जायचे, कुणी हसलं तर हसू दे. आणि असा माणूस गेला कसा, तर मेहुण्याची मोटार घेऊन आंबोलीचा घाट उतरताना, सकाळी आठच्या लख्ख उजेडात. पोलिसांनी लिहिलं, चालकाचा ताबा सुटला. गावानं त्याचा अर्थ लावला, झोप लागली. अक्कानं तर सगळा दोष उचलून स्वतःच्या पदरात बांधून घेतला. आदल्या रात्री तिची दाढ ठणकत होती आणि दाजी लवंगेचं तेल नि कापूस घेऊन पहाटेपर्यंत तिच्या उशाशी बसले होते. माझ्यापायी जागले, माझ्यापायी गेले, एवढंच ती वर्षभर म्हणतेय. त्या दिवसापासून ती गादीवर झोपलेली नाही. नुसत्या फरशीवर पडते, डोक्याखाली हात घेऊन.

खरं काय ते एकट्या नंदूला ठाऊक आहे. आणि हा पठ्ठ्या वर्षभर मूग गिळून बसलाय! आज सगळ्यांच्या आधी आला, पत्रावळ्या मांडल्या, अक्काचे डोळे पुसले, आणि वर खीर दोनदा मागून घेतली. याला काय म्हणावं ते तुम्हीच सांगा.

पापण्या जड होतात. पंख्याची कुरकुर लांब जाते. मग कुठूनतरी एक बारीक आवाज येतो, सूंऽऽऽ असा. नंदूला वाटतं, अक्कानं कुकर चढवला. मग वाटतं, पण कुकर इतका वेळ न थांबता कसा वाजेल?

"कुकर न्हाई त्यो," कुणीतरी म्हणतं. "हवा जातीया."

चटईशेजारी दाजी उकिडवे बसलेत. खाकी कपडे, छातीवर बिल्ला, केसांचा नीट भांग. मेलेल्या माणसासारखं काही म्हणजे काही त्यांच्यात दिसत नाही. ते बोटाची गाठ वाकवून नंदूच्या बरगड्यांवर टकटक वाजवतात, आधी डावीकडं, मग उजवीकडं. डेपोतून गाडी काढायच्या आधी सहाच्या सहा टायर ते असेच वाजवून बघायचे. सत्तावीस वर्षांत हा नेम एकदाही चुकला नाही.

"हवा कमी हाय रं तुझ्यात," ते म्हणतात. "ऊठ. पंक्चर काढायचंय."

"दाजी, आज तुमचं श्राद्ध आहे," नंदू म्हणतो. स्वप्नातसुद्धा याची मास्तरकी सुटत नाही.

"म्हणून तर आलो. जेवाय बोलावलंसा न्हवं? वडे बरे हुते. आता ऊठ."

नंदू उठतो, आणि चटईच्या जागी त्याच्या स्वतःच्या घरापुढचं अंगण आहे. मोटार जॅकवर चढवलेली, पुढचं डावं चाक अधांतरी. नंदूच्या हातात ती लाल पेटी आहे. ही पेटी त्यानं अपघातानंतर आठव्या दिवशी पुलावरून हिरण्यकेशीत भिरकावली होती. आता ती कोरडी ठणठणीत आहे.

या पेटीचं सांगायलाच हवं. नंदू हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं मोबाइलवर बघून ही पेटी मागवली. आत खरखरीत दांड्याचा टोचा, नेढं असलेली जाड सुई, नि काळपट चिकट दोऱ्या. ट्यूबलेस टायरमधला खिळा पकडीनं उपसायचा, टोच्यानं भोक खरवडायचं, सुईत दोरी ओवून भोकात खुपसायची, आणि सुई झटक्यानं मागं ओढायची. दोरी आत अडकते, हवा थांबते. पाच मिनिटांचं काम. कॉलनीतल्या सात-आठ गाड्यांची पंक्चरं मास्तरानं अशी काढून दिली. लोक म्हणाले, मास्तर म्हणजे पंक्चरचा डॉक्टर! झालं, मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढला.

"सांग मास्तर," दाजी म्हणतात. "दोरी कुठं घालायची?"

"जमिनीला टेकतो त्या भागात. नक्षी असते तिथं."

"आणि कुठं घालायची न्हाई?"

नंदू पेटीचं झाकण उघडतो, मिटतो.

"पोरांना इचारतोस तवा उत्तर येईस्तवर उभं करतोस म्हणं. मी बी उभं करणार."

"बाजूला," नंदू पुटपुटतो. "टायरच्या बाजूला घालायची नाही. बाजू पातळ असते. चाक फिरताना दर फेऱ्याला ती वाकते, मग दोरी ढिली होते."

"म्हंजी ठावं हुतं."

"ठाऊक होतं."

"मग हे काय हाय?"

दाजींनी बोट ठेवलंय तिथं टायरच्या बाजूत सळीचा बोटभर तुकडा रुतलेला आहे. आणि नंदूला कळतं की आता ती सकाळ आहे, वर्षापूर्वीची, साडेपाचची. दाजी कुडाळला निघालेत, जुन्या कंडक्टर मित्राच्या मुलीच्या लग्नाला. गाडी द्यायचं नंदूनं आठ दिवस आधीच कबूल केलंय. चाकात हवा नाही, आणि स्टेपनीतही नाही, कारण ती भरून आणायची राहिली. पंक्चरवाला नऊला दुकान उघडतो, आणि उघडून बघताक्षणी म्हणणार, मास्तर, टायर फेका. पण आता दाजींना नाही कसं म्हणायचं? आणि तेही पंक्चरच्या डॉक्टरनं? नंदू सळी उपसतो आणि त्याच भोकात दोरी खुपसतो. एक नाही, दोन. हवा भरतो. थुंकी लावून बघतो, बुडबुडा येत नाही. शाळेच्या मैदानाला दोन चकरा मारतो. हवा टिकते.

मग दाजी येतात, पिशवी मागच्या सीटवर ठेवतात आणि नेमाप्रमाणं टायर वाजवायला वाकतात.

"हितं," उकिडवे बसलेले दाजी म्हणतात. "हितं काय बोललास ते बोल."

"नको, दाजी."

"बोल!"

"काय दाजी, मेव्हण्यावर विश्वास नाही व्हय? टायर एकदम फर्स्टक्लास आहेत. डोळे झाकून बसा."

"आणि मी काय केलं?"

"वाकला होतात, ते सरळ झालात. हसलात. गाडीत बसलात."

"डेपो मॅनेजरच्या शब्दावर मी कधी गाडी काढली न्हाई. टायर वाजवल्याबिगर बूड टेकलं न्हाई. पण बायकोच्या भावाची गाडी. त्यो म्हणतोय टायर चांगला हाय, नि आपण वाजवून बघायचा, म्हंजी त्याला तोंडावर खोटं पाडायचं. सोयऱ्यात तसं करत न्हाईत. मान राखला तुझा." दाजींचा आवाज चढत नाही. बिल्ल्याची पिन त्यांनी उघडलीय आणि ती ते अंगठ्यानं मागंपुढं करतायत. "मान राखला नि मेलो."

"मला सांगायचं होतं हो. दहाव्यालाच सांगणार होतो."

अंगणात पाणी आलंय. नदीचं पाणी, नंदूच्या घोट्यापर्यंत. पायरीवर केळीचं पान मांडलंय आणि पानावर भाताच्या गोळ्याऐवजी तो टायर ठेवलाय, बाजूनं फाटलेला. अपघातानंतर नंदूनं तो असाच बघितला होता, पोलिसांनी मात्र आपटून फाटला असं धरलं. भोवती माणसं हात जोडून उभी आहेत. समोरच्या भिंतीवर कावळे ओळीनं बसलेत आणि एकही उडत नाही.

दहाव्याला नदीवर असंच झालं होतं. पिंडाला कावळा शिवेना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, मग मागं राहिलेल्यांनी एकेक कबूल करत जायचं. अक्का हात जोडून म्हणाली, म्हशी विकणार नाही. कावळा हलला नाही. म्हणाली, तुमचा बिल्ला देवासारखा पुजीन. नाही. शेवटी धाय मोकलून म्हणाली, माझी दाढ दुखली हो, माझंच चुकलं, पदर पसरते. तरी नाही. दोन तास उन्हात माणसं ताटकळली. नंदू पुढच्याच रांगेत होता, पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत. मग दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक घरी गेले.

"सगळी बोलली," दाजी म्हणतात. "एकटा तू सोडून. मी तुझ्या तोंडाकडं बघत बसलो हुतो त्या भिंतीवर. आता बोलंल, मग बोलंल."

"भीती वाटली, दाजी. अक्काला काय वाटेल..."

"अक्काला? अक्काची काळजी हुती व्हय तुला? अरं, फरशीवर झोपतीया ती! तिला वाटतं तिच्या दाढेनं मी मेलो. गाव म्हणतं दिनकर झोपला. सत्तावीस वर्सांत स्टेअरिंगवर माझी पापणी लवली न्हाई, त्या माझ्या नावाला तू काळं फासलंस, नि बाहीर बसून खीर वरपतोस? लाज न्हाई वाटत, भाड्या?"

नंदू मागं सरकतो आणि त्याच्या पाठीला गार लोखंडी दांडा लागतो. ही एसटी आहे. सीट भरलेल्या आहेत. भाऊकीतले म्हातारे, शाळेतली मुलं, हेडमास्तर, भाजीवाल्या, सगळे त्याच्याकडं तोंड करून बसलेत. सगळ्यांची तोंडं थोडी थोडी उघडी आहेत आणि प्रत्येक तोंडातून तो बारीक आवाज येतोय, सूंऽऽऽ. नंदू वाकून कान देतो तर त्यात शब्द आहेत. डुलकी लागली. डुलकी लागली.

दाजी त्याच्या हातात साबणाच्या पाण्याची बादली देतात. "हितली पंक्चरं काढ बघू, डॉक्टर."

नंदू खरंच कामाला लागतो. काय करणार? पेटी हातात आहे आणि सवय वाईट असते. एका म्हाताऱ्याच्या तोंडाला फेस लावतो, बुडबुडा फुगतो, तो दोरी खुपसतो. आवाज बंद. पुढचा. आवाज बंद. पण तिसऱ्याकडं वळेपर्यंत पहिल्याची दोरी हळूहळू बाहेर येते आणि म्हातारा पुन्हा म्हणायला लागतो, डुलकी लागली. नंदू धावतो, मागं येतो, पुन्हा धावतो. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटलाय. मुलं फिदीफिदी हसतात. सगळ्यात मागच्या सीटवर अक्का एकटी बसलीय, तोंड मिटून, आणि गालावर हात ठेवून.

"दोऱ्या संपल्या?" दाजी विचारतात.

"संपल्या."

"संपणारच. त्या दिशी तू टायरचं भोक बुजवलं न्हाईस. माझं तोंड बुजवलंस. आता बस हितं."

ते त्याला ड्रायव्हरच्या सीटवर ढकलतात. एसटीचं मोठं स्टेअरिंग हातात येईपर्यंत लहान होत जातं. ही त्याचीच मोटार आहे आणि समोर आंबोलीचा घाट आहे, ओला, उताराचा. दाजी मागं बसलेत. डावीकडं, शेजारच्या सीटवर अक्का आहे आणि ती झोपलीय. मान कलंडलेली, तोंड किंचित उघडं, लहान मुलीसारखी गाढ. तिच्या पायाखाली पुढचं डावं चाक फिरतंय.

"वरसानं झोपलीया," दाजी म्हणतात. "वळण डावीकडं. दुसरा गियर."

"दाजी, गाडी थांबवा."

"ब्रेक तुझ्या पायाखाली हाय."

नंदू ब्रेक दाबतो. तो शेणात पाय पडावा तसा मऊ लागतो. वळण येतं, जातं, दुसरं येतं. दर फेऱ्याला त्याला ती दोरी दिसते. मधे बॉनेट आहे, इंजिन आहे, पण दिसते. थोडी बाहेर येते. अजून थोडी.

"तिनं तुमचं काय वाकडं केलंय?" नंदू ओरडतो. "मला मारायचं तर मला मारा!"

"तिनं काय बी केलं न्हाई. म्हणून तर म्हणतोय, तिला उठव नि सांग. सांगितलंस की गाडी थांबतीया."

"ती पुन्हा माझं तोंड बघणार नाही."

"न्हाईच बघणार!" दाजी म्हणतात आणि मनापासून हसतात, पोट हलेपर्यंत. "तेच तर मला पायजे. तुझा जीव घेऊन मी काय करू? त्याचा बी इचार केला वरीसभर, खोटं कशाला सांगू. पण मेलास की तू माझ्याच शेजारी येऊन बसणार, नि तुझी ती मास्तरकी मला तितं बी ऐकावी लागणार. त्यापरीस जित्ता ऱ्हा. शालन तुझ्या तोंडावर दार लावंल. मला त्यो आवाज ऐकायचाय."

"माफ करा, दाजी. पाया पडतो."

"माफी देवळात माग. मी एसटीचा ड्रायव्हर हाय. वळण डावीकडं."

दोरी सुटत आलीय. नंदू खिडकीतून हात बाहेर काढतो आणि तो हात लांबत जातो, काचेवरून, बॉनेटवरून, खाली चाकापर्यंत. तो अंगठ्यानं भोक दाबून धरतो. आतली हवा गरम आहे, अंगठा भाजतो. चाक फिरतंय आणि हातही त्याच्याबरोबर फिरतोय. मग दोरी निसटते. तो ती मुठीत पकडतो, दरी काचेत उभी राहते, आणि तो जिवाच्या आकांतानं ओरडतो, "अक्काऽऽ, ऊठ!"

"अरे नंदू! नंदू! मी जागीच हाय की."

दारात अक्का उभी आहे, हातात चहाचा कप. चारचं ऊन चटईवर आलंय. पंखा कुरकुरतोय आणि सोप्यातल्या म्हाताऱ्यांचा सुपारी कातरण्याचा आवाज येतोय.

"किती वरडतोस झोपंत! वाईट सपान पडलं व्हय? घे, च्या घे."

नंदू उठून बसतो. कप घ्यायला हात पुढं करतो, तर मूठ उघडत नाही. अंगठ्याचं टोक चुरचुरतंय. अक्का कप खाली ठेवते, त्याच्यासमोर बसते आणि त्याची बोटं एकेक करून सोडवते. आत एक वीतभर दोरी आहे. चिकट, मधोमध दुमडलेली, अजून गरम. तळहातभर काळं लागलंय.

"हे तू टायरात घालतोस त्ये न्हवं?" अक्का विचारते. "आज सणासुदीचं... आज ह्या दिशी कुणाचं पंक्चर काढत बसलास?"

खिशात राहिली होती, एवढंच म्हणायचं. वर्षभर असल्या सोप्या वाक्यांवरच तर हा माणूस जगलाय. ते वाक्य ओठांपर्यंत येतंसुद्धा. पण अक्कानं पदराचं टोक ओलं केलंय आणि ती त्याचा तळहात पुसायला लागलीय, तो लहान असताना पुसायची तसा, घासून, जरा रागावून. काळं निघत नाही. नुसतं तिच्या पदराला लागत जातं.

"अक्का," नंदू म्हणतो. "दाजींना झोप लागली नव्हती."

अक्काचा हात थांबतो.

मग तो सगळं सांगतो. सळीचा तुकडा, बाजूचं भोक, दोन दोऱ्या, मैदानाच्या चकरा, वाकलेले दाजी, आणि स्वतःचं ते वाक्य, होतं तसं. काही गाळत नाही. त्याचं बोलणं संपतं तरी अक्का त्याच्या तळहाताकडंच बघत असते.

"म्हंजी जागे हुते?" ती शेवटी विचारते.

"जागे होते."

"माझ्या दाढेपायी न्हाई?"

"नाही अक्का. माझ्यापायी."

"आणि दहाव्याला मी पदर पसरला, तवा तू हुतास तितं."

"होतो."

अक्का उठते. चहाचा कप उचलते आणि खिडकीतून बाहेर, परड्यात, ओतून टाकते. कप खिडकीतच ठेवते. मग ती नंदूचं मनगट धरते, असं धरते की बांगडी त्याच्या हाडात रुतते, आणि अडून बसलेलं जनावर ओढावं तशी त्याला सोप्यात ओढत नेते. चारही म्हातारे मान वर करून बघतात. एकाच्या हातात अडकित्ता तसाच राहतो.

"ह्यांच्यापुढं सांग," अक्का म्हणते. तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. "माझा मालक कसा गेला ते सांग. मग ती पायताणं घाल, नि भाऊबीजेला सुदिक ह्या दारात पाय ठेवू नगंस."

नंदूच्या तळहाताला दोरी चिकटलेली आहे. तो ती दुसऱ्या हातानं सोडवायला बघतो, ती त्या हाताला चिकटते. तो तोंड उघडतो. "दाजी जागे होते," तो पुटपुटतो.

"मोठ्यानं," अक्का म्हणते. "गल्लीत ऐकू जाऊ दे."